मान पाकोळीला, माप सागाला

महाराष्ट्र शासनाने २०१५ च्या जून महिन्यात 'ब्लू मॉर्मन' या फुलपाखराला राज्य फुलपाखराचा मान दिला. शेकरू, हरियाल, आंबा आणि ताम्हण यांच्या पंक्तीत एक कीटक येऊन बसला, आणि असा निर्णय घेणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य ठरले. पुढे उत्तराखंड, कर्नाटक, केरळ, तमिळनाडू आणि गोवा या राज्यांनीही आपापली फुलपाखरे निवडली. ज्या देशात वन्यजीव म्हटले की वाघ आणि फार तर हत्ती एवढेच डोळ्यांसमोर उभे राहते, तेथे चार बोटांच्या जिवाला राज्यचिन्हाचे स्थान मिळावे, हे कौतुकास्पदच होते. प्रश्न कौतुकाचा नाही. मान दिल्यानंतर मान देणाऱ्यावर काही बंधन येते की नाही, हा आहे. आणि हा प्रश्न सह्याद्रीपेक्षा वऱ्हाडात अधिक टोकदारपणे उभा राहतो.

या फुलपाखराचा परिचय थोडक्यात करून घेणे आवश्यक आहे. काळ्या मखमली पंखांवर निळसर पट्टे, मागच्या पंखांवर काळ्या ठिपक्यांची माळ, आणि पंख पसरले असता १२ ते १५ सेंटिमीटरांचा विस्तार. देशातील मोठ्या फुलपाखरांत त्याची गणना होते. भारताचा दक्षिण व पश्चिम भाग आणि श्रीलंका यांच्या पलीकडे ते फारसे आढळत नाही, म्हणजे ते खऱ्या अर्थाने याच भूमीचे आहे. सह्याद्रीतील दाट, ओल्या रानवाटा हे त्याचे मुख्य घर. तेथून ते कोकणातील बागांत येते, मुंबईसारख्या महानगरातील उद्यानांतही दिसते. विदर्भातही त्याची नोंद झालेली आहे. परंतु येथे ते घरच्या माणसासारखे नव्हे, तर दूरच्या नात्यातल्या माणसासारखे, आसरा मिळेल तेथे राहणारे आहे.

मराठीत त्याला 'राणी पाकोळी' म्हटले गेले, अलीकडे 'नीलवंत' हेही नाव रूढ होऊ लागले आहे. पाकोळी हा शब्द कित्येक ठिकाणी भिरभिरणाऱ्या एका छोट्या पक्ष्यासाठीही वापरला जातो, त्यामुळे थोडा घोटाळा होतो खरा. पण इंग्रजी नावाच्या घोटाळ्यापुढे तो काहीच नव्हे. 'मॉर्मन' हा अमेरिकेतील एक धर्मपंथ. त्या पंथात एके काळी बहुपत्नीत्वाची चाल होती. याच कुळातील 'कॉमन मॉर्मन' या फुलपाखराची मादी तीन निरनिराळ्या रूपांत दिसते; एक रूप नरासारखे, तर उरलेली दोन पक्षी खात नाहीत अशा बेचव फुलपाखरांची नक्कल करणारी. एकाच नराभोवती तीन तऱ्हेच्या माद्या पाहून इंग्रज निरीक्षकांना त्या पंथाची आठवण झाली आणि थट्टेने दिलेले नाव कायमचे चिकटले, असे सांगतात. गंमत अशी की, निळ्या मॉर्मनच्या मादीला अशी बहुरूपे नाहीत. ती नरासारखीच दिसते, किंचित फिकी आणि पंखाच्या मुळाशी तांबडा डाग असलेली. तेव्हा महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू आज एका परक्या थट्टेचे नाव मिरवीत आहे, आणि तेही लागू न पडणाऱ्या थट्टेचे. नीलवंत हे नाव शाळेच्या पुस्तकांतून घरोघर गेले तर बरे होईल. असो.

नावापेक्षा महत्त्वाचे आहे ते पोट. फुलपाखरू फुलांवर जगते, ही कवींनी करून दिलेली समजूत अर्धीच खरी आहे. फुलातील मध हे प्रौढ फुलपाखराचे अन्न. त्याचे खरे आयुष्य, वाढीचे आयुष्य, पानांवर जाते. आणि ही पाने कोणतीही चालत नाहीत. प्रत्येक जातीची अळी ठराविक वनस्पतींचीच पाने खाते. मादी अंडे घालण्यापूर्वी पानावर उतरते, पुढच्या पायांनी ते चाचपते, पायांनीच त्याची चव घेते, आणि खात्री पटली तरच एकेक अंडे चिकटवते. नीलवंताची अळी लिंबाच्या कुळातील वनस्पतींवर वाढते : रानात माकडलिंबू आणि किरमिरा यांच्यासारखी झुडपे, तर वस्तीजवळ लिंबू आणि पपनस. लहान असताना ही अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, त्यामुळे पक्षी तिच्याकडे ढुंकून पाहत नाहीत. मोठी झाली की ती हिरवी होऊन पानात मिसळते, आणि कोणी डिवचलेच तर डोक्यामागून दुभंगलेल्या जिभेसारखा एक लाल अवयव बाहेर काढून उग्र वास सोडते. झुडूप गेले की हा सारा खटाटोप व्यर्थ. आकाश कितीही मोकळे असले आणि बागेत कितीही फुले असली, तरी अंडे घालण्यास पान नसेल तर ते फुलपाखरू त्या प्रदेशातून उठते.

दुसरी गरज ओलाव्याची. उन्हाळ्याच्या आरंभी रानातल्या नाल्याकाठी ओल्या वाळूवर फुलपाखरांचे थवे बसलेले दिसतात. त्याला जाणकार 'चिखलपान' म्हणतात. थव्यात बहुधा नरच असतात. मातीतील क्षार ते शोषून घेतात आणि मीलनाच्या वेळी ते मादीला पोहोचते करतात. त्यातूनच अंड्यांची जोपासना होते. म्हणजे एका नाल्याच्या काठावरची दोन हात ओली माती ही पुढच्या पिढीची शिदोरी असते.

आता वऱ्हाडाकडे वळावे. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर ओलावा आणि सावली यांचा तुटवडा नाही. वऱ्हाड हा कोरड्या पानगळीच्या वनांचा प्रदेश. अमरावतीच्या उत्तरेस सातपुड्याच्या रांगांत मेळघाट पसरला आहे. राज्यातील पहिला आणि देशातील पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक, म्हणून १९७४ साली त्याची घोषणा झाली. खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार या त्याच्या नद्या तापीला मिळतात. फाल्गुनानंतर सागाची पाने झडतात, डोंगर उघडे पडतात, वारा गरम होतो. अशा वेळी ओलावा आणि सावली ही दोन्ही शिल्लक राहतात ती फक्त घळींतून, नाल्यांच्या काठाने आणि नद्यांच्या डोहांपाशी. चिखलदऱ्याच्या पठारावर हवा इतकी वेगळी आहे की, तेथे कॉफी पिकते. विदर्भात अन्यत्र हे घडत नाही. नीलवंतासारख्या ओल्या वनातल्या जिवाला वऱ्हाडात राहायचे झाले, तर तो या हिरव्या रेघांच्या आश्रयानेच राहणार. नकाशावर हजारो चौरस किलोमीटरांचे वन दिसते, पण फुलपाखराचे वन त्यातले फार थोडे, नाल्याच्या दोन्ही अंगांना पन्नास-शंभर पावले, एवढेच असते.

आणि नेमके हेच वन कोणाच्या हिशेबात नाही.

१८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. त्यानंतर मेळघाटच्या जंगलाकडे पाहण्याची जी दृष्टी आली ती सागाची दृष्टी होती. रेल्वेला लाकूड हवे होते, इमारतींना तुळया हव्या होत्या. राखीव वने झाली, कूप पाडले गेले, कार्य आयोजना लिहिल्या गेल्या. त्या काळाच्या मानाने ही शिस्तच होती, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. ती नसती तर कंत्राटदारांच्या कुऱ्हाडीने सातपुडा केव्हाच बोडका केला असता. पण या शिस्तीत झाडाची किंमत घनमीटरांत होती. ज्याला घनमीटर नाही ते झाड 'किरकोळ', आणि झुडूप तर केवळ अडथळा. सागाला वाढीस जागा मिळावी म्हणून खालची झुडपे तोडणे हे वनशास्त्राचे कर्तव्यच मानले गेले. माकडलिंबू, कढीपत्त्याची रानझुडपे, कुंती, तरुण बेल यांची ज्या वहीत नोंद व्हावी, अशी वही त्या व्यवस्थेत नव्हतीच. 'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' ही जुनी म्हण जमिनीच्या समृद्धीविषयी आहे. जंगलाच्या बाबतीत तिचा अर्थ थोडा निराळा लागतो.

स्वातंत्र्यानंतर सागाच्या जोडीला वाघ आला. हा बदल मोठा होता आणि चांगलाही होता. वाघासाठी राखलेल्या क्षेत्रात तोड थांबली, चराई कमी झाली, नाले निवांत झाले. त्याचा लाभ मुंगीपासून गव्यापर्यंत सर्वांना झाला. वाघाच्या छत्राखाली फुलपाखरू आपोआप सुरक्षित होते, असे म्हणणाऱ्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. तथापि ते पुरते खरे नाही. वाघाला सावज, पाणी आणि आडोसा मिळाला की पुरे. नाल्याकाठच्या झुडपांच्या जागी घाणेरीचे रान माजले तरी वाघ त्यात आनंदाने लपतो. फुलपाखराचे तसे नाही.

घाणेरीचे हे उदाहरण मुद्दाम थोडे खोलात जाऊन पाहण्यासारखे आहे, कारण त्यात मोठी फसगत आहे. मूळची अमेरिकेतली ही वनस्पती एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी शोभेचे झाड म्हणून या देशात आणली गेली. विदर्भात तिला रायमुनिया म्हणतात. तिच्या फुलांवर फुलपाखरांची झुंबड उडते. पाहणाऱ्याला वाटते, काय छान सोय झाली! पण घाणेरीच्या जाळीखाली देशी झुडपांची रोपे सावलीने आणि गर्दीने मरतात. प्रौढ फुलपाखरांना मध भरपूर आणि त्यांच्या अळ्यांना पान नाही, असा तो संसार आहे. पाहुण्यांना जेवण आणि घरच्या लेकरांना उपास. घाणेरी काढण्याची कामे वनखाते करते, पण ती बहुधा कुरणांसाठी, हरणांच्या चाऱ्यासाठी. काढलेल्या जागी नाल्याकाठी कोणती झुडपे परत यावीत, याचा विचार त्याच कामात झाला तर खर्च फारसा वाढणार नाही.

तीच गोष्ट वणव्याची. फाल्गुन-चैत्रात मोहाची फुले वेचण्यास सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवितात. तेंदूला कोवळी पाने यावीत म्हणूनही आग लावली जाते. आग हाताबाहेर गेली की डोंगर पेटतो. मोठी झाडे त्यातून वाचतात. सागाची साल तर आगीला दाद देत नाही, म्हणून सागाच्या हिशेबात वणव्याचे नुकसान कमीच दिसते. पण त्या वेळी कितीतरी फुलपाखरे कोशावस्थेत वाळल्या काटक्यांना लटकलेली असतात. त्यांना पळता येत नाही. त्यांची मोजदाद कोणत्याही पंचनाम्यात होत नाही. वणवा लावणाऱ्या कोरकू माणसाला गुन्हेगार ठरवून हा प्रश्न सुटणारा नाही, हे शंभर वर्षांच्या अनुभवाने सिद्ध झाले आहे. वर्षातून काही आठवडे हाती चार पैसे येतात ते या मोहावर आणि तेंदूवर. फुले वेचण्यासाठी झाडाखाली जाळी अंथरली तर आगीची गरजच उरत नाही. ती जाळी गावोगाव पुरविणे पंचनाम्यापेक्षा स्वस्त आहे.

येथे एक आक्षेप उभा राहतो, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्या मेळघाटचे नाव १९९० च्या दशकापासून कुपोषणाने दगावणाऱ्या बालकांमुळे देशभर गेले, तेथे फुलपाखरांची चिंता वाहणे हा शहरी मनाचा छंद नव्हे काय? अमरावतीच्या राजापेठेत किंवा अकोल्यात चहाच्या टपरीवर हा विषय काढला तर दहांतले आठ जण हेच विचारतील, आणि त्यांचा राग रास्त आहे. परंतु या प्रश्नात एक गृहीत दडलेले आहे : जंगल वाचवायचे ते माणसाच्या तोंडचा घास काढूनच. गेल्या काही वर्षांत मेळघाटच्या पायथ्याशीच या गृहीताला उत्तर मिळाले आहे.

परतवाड्याजवळचे पायविहीर हे कोरकूंची वस्ती असलेले लहानसे गाव. वनहक्क कायदा २००६ साली झाला. त्याखाली २०१२ साली या गावाला सुमारे दोनशे हेक्टर ओसाड वनजमिनीवर सामूहिक हक्क मिळाला. गावकऱ्यांनी चराई रोखली, पाणी अडविले, रोपे लावली, सीताफळांची निगा राखली, आणि ती सीताफळे ग्रामसभेच्या नावाने शहरांच्या बाजारात विकली. २०१४ साली या गावाला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कार मिळाला. शेजारच्या उपातखेडा, खतिजापूर आणि नयाखेडा या गावांनीही ही वाट धरली. येथे कोणी फुलपाखरांसाठी काही केले नाही, रोजगारासाठी केले. पण सीताफळाची पाने ही 'टेल्ड जे' या हिरव्या ठिपक्यांच्या चपळ फुलपाखराच्या अळीचे अन्न आहे, आणि ते नीलवंताच्याच कुळातले. माणसाला फळ मिळते, अळीला पान मिळते, झाड एकच. फुलपाखराचे वन आणि कोरकूचे वन यांत विरोध आहे, तो बहुतेक कागदावरच. दोघांनाही नुसता साग उपयोगाचा नाही. दोघांनाही मिश्र वन हवे, झुडपे हवीत, वाहता नाला हवा. बेल, कवठ, चारोळी, आवळा, मोह ही यादी गौण वनोपजाची म्हणून वाचली काय आणि कीटकांच्या पोटापाण्याची म्हणून वाचली काय, फारसा फरक पडत नाही.

अकोट-खंडवा लोहमार्गाच्या वादाकडेही याच दृष्टीने पाहता येईल. अकोल्याहून निघालेली जुनी मीटरगेज गाडी वानच्या अभयारण्यातून सातपुडा ओलांडीत असे. अकोल्याच्या दोन-तीन पिढ्यांच्या आठवणीत ती गाडी आहे. २०१७ च्या प्रारंभी अकोला-अकोट मार्गावरील ती गाडी रुंदीकरणासाठी थांबली, तेव्हा अरण्यातल्या टप्प्याचे काय करायचे हा प्रश्न ऐरणीवर आला. आणि २०२१ साली तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी रेल्वेमंत्र्यांना पत्र लिहून मार्ग अरण्याबाहेरून वळविण्याची मागणी केली. बाहेरून गेलेला मार्ग अधिक गावांना जोडील, हा युक्तिवाद वाघाची बाजू घेणाऱ्यांनी केला, आणि तो सार्थ होता. या साऱ्या चर्चेत नाल्यांचा विषय मात्र क्वचितच निघाला. डोंगरात मार्ग रुंद करायचा म्हणजे भराव, मोऱ्या, खडी आणि दगड. आणि त्या साऱ्यांचा पहिला आघात होतो तो घळींवर. वाघ रूळ ओलांडून पलीकडे जाऊ शकतो. घळीतले झुडूप कोठे जाणार?

मेळघाटाइतकाच जवळचा, आणि वऱ्हाडच्या खिशाला भिडणारा, दुसरा पैलू संत्र्याचा आहे. लिंबाच्या कुळाविषयी लिहायचे आणि वरूड-मोर्शीचे नाव घ्यायचे नाही, हे शक्य नाही. अचलपूर, चांदूर बाजार, अंजनगाव सुर्जी येथपर्यंत संत्र्याच्या बागा पसरल्या आहेत. शेंदूरजना घाटची कलमे दूरदूर जातात. जंबेरीच्या खुंटावर डोळा भरून तयार केलेली ही रोपे म्हणजे एक मोठा व्यवसाय आहे. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. याच रोपांवर जी पाने खाणारी अळी पडते, ती नीलवंताच्या सख्ख्या चुलत भावाची, लिंबाच्या पिवळ्या-काळ्या फुलपाखराची. कोवळ्या रोपाची पाने ती बघता बघता फस्त करते. बागवानाला तिचा राग येणे स्वाभाविक आहे, आणि त्याला फुलपाखरांच्या सौंदर्याची प्रवचने ऐकविण्याचा कोणालाही अधिकार नाही.

पण शेतीशास्त्रच याबाबत काय सांगते? मोठ्या झाडाला ही अळी फारसा अपाय करीत नाही; धोका असतो तो रोपवाटिकेला आणि लहान कलमांना. तेथे अळ्या हाताने वेचून नष्ट करणे, निंबोळी अर्क फवारणे, किंवा फक्त अळ्यांनाच मारणाऱ्या जिवाणूंची फवारणी करणे हे उपाय पुरेसे ठरतात. असे असता बागेतल्या प्रत्येक रोगावर आणि किडीवर, ती कोळशी असो, सिला असो वा पाने खाणारी अळी असो, दुकानदार देईल ते जहाल औषध एकत्र कालवून मारण्याची जी रीत पडली आहे, ती कोणत्याही पुस्तकात नाही. तिची किंमत केवळ कीटकांनी मोजलेली नाही. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, कित्येकांच्या दृष्टीवर परिणाम झाला. त्या वर्षीच्या बातम्या अजून विस्मरणात गेलेल्या नाहीत. जे औषध माणसाला एवढे जड गेले, ते बांधावरच्या कढीपत्त्यावर आणि ओढ्याकाठच्या रानलिंबावर वाऱ्याने उडून गेल्यावर काय करीत असेल, याची कल्पना करता येते. संत्र्याचा बागवान परागीभवनासाठी याच कीटकसृष्टीचा ऋणी आहे, ही गोष्ट वेगळीच.

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने आणि नागपूरच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेने या विषयात काम केलेले आहे. उणीव ज्ञानाची नाही. ते ज्ञान बागवानापर्यंत पोहोचण्याआधी औषधकंपनीचा प्रतिनिधी पोहोचतो, ही आहे.

शहरांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही, पण दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. राजापेठेसारख्या जुन्या पेठांतील वाड्यांना अंगण असे, अंगणात तुळस, कोपऱ्यात कढीपत्ता, विहिरीशेजारी एखादे लिंबाचे झाड. त्या एका झाडावर फुलपाखरांच्या पिढ्या निघत. वाडे पडले, बहुमजली इमारती उभ्या राहिल्या, अंगणात फरशी आणि वाहने आली. ही प्रक्रिया कोणाच्या दुष्टपणाने घडलेली नाही. घराला जागा हवी आणि जमीन महाग. पण नगरपालिकांच्या व महापालिकांच्या बागांत तरी गुलमोहर, सप्तपर्णी आणि विलायती शोभेच्या झाडांऐवजी बेल, कवठ, कढीपत्ता लावण्यास कोणाची हरकत असावी? छत्री तलाव आणि वडाळी तलाव यांच्या मागे पोहऱ्याचे रान उभे आहे. शहराच्या इतक्या जवळ वन असण्याचे भाग्य महाराष्ट्रातील फार थोड्या शहरांना लाभले आहे. रानातून शहरात येण्यास फुलपाखराला परवाना लागत नाही. वाटेत उतरण्यास दहा-वीस झाडे लागतात.

फुलपाखरांची नोंद ठेवण्याची परंपरा या प्रदेशात नवी नाही. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयातील, म्हणजे लोकांच्या भाषेत अजब बंगल्यातील, डॅब्रू यांनी १९३१ साली तत्कालीन मध्यप्रांतातील फुलपाखरांची यादी प्रसिद्ध केली. त्यानंतर ऐंशी वर्षांनी, २०११ साली, डॉ. आशिष टिपले यांनी विदर्भातील १६७ जातींची नोंद शास्त्रीय नियतकालिकातून मांडली. महाराष्ट्रात सुमारे सव्वादोनशे जाती आढळतात, असे राज्य फुलपाखराच्या घोषणेच्या वेळी सांगण्यात आले होते. म्हणजे ज्याला कोरडा, उष्ण, कापसाचा मुलूख म्हणून हिणविले जाते, त्या विदर्भात राज्यातील निम्म्याहून पुष्कळ अधिक जाती आहेत. ही गोष्ट येथील किती शाळांत शिकविली जाते? अळी, कोश, फुलपाखरू ही आकृती फळ्यावर काढून गुण मिळविणारा विद्यार्थी शाळेच्या कुंपणावरचे फुलपाखरू ओळखू शकत नाही, आणि याचा दोष विद्यार्थ्याकडे जात नाही. अमरावतीचे शासकीय विदर्भ महाविद्यालय १९२३ पासून विज्ञान शिकवीत आहे. १९८३ पासून शहरात विद्यापीठ आहे. गावोगावच्या शिक्षकांनी वर्षभर, प्रत्येक पंधरवड्याला, आपल्या शाळेच्या परिसरातील फुलपाखरांची आणि त्यांच्या झाडांची साधी वही ठेवली, आणि विद्यापीठाने त्या वह्या एकत्र केल्या, तर दहा वर्षांत या जिल्ह्यांतल्या नाल्यांचा जो इतिहास हाती येईल तो कोणत्याही सरकारी अहवालात सापडणार नाही. यासाठी दुर्बीण लागत नाही की अनुदान लागत नाही.

शासनाने करावयाचे ते याहून थोडे अधिक आहे. वनविभागांच्या कार्य आयोजना ठराविक वर्षांनी नव्याने लिहिल्या जातात. त्यांत नाल्याच्या दोन्ही काठांचा पट्टा हे स्वतंत्र प्रकरण असावे, तेथील झुडपांची यादी असावी, तेथे विरळणी करू नये, आणि घाणेरी काढल्यावर काय लावावे हे स्पष्ट लिहिलेले असावे. राज्य फुलपाखराच्या चित्रांचे फलक पर्यटनस्थळी उभारण्यापेक्षा या एका प्रकरणाचा उपयोग अधिक होईल. हे काम पुढच्या पावसाळ्यापासून सुरू होऊ शकते, पण त्याला एक अट आहे. कवठ महाशिवरात्रीच्या सुमारास पिकते, बेलफळ त्यानंतर, ऐन उन्हाळ्यात. बी त्याच दिवसांत गोळा करावे लागते, रोपवाटिकेत रुजवावे लागते, आणि रोप वर्षभर सांभाळून मगच नाल्याकाठी नेता येते. जुलै महिन्यात वृक्षारोपणाचा सोहळा ठरल्यावर धावाधाव केली, तर हाती येतात ती सागाची आणि गुलमोहराचीच रोपे.